भाड्याच्या घरात ढेकूण: ‘आणले कोणी’ याच्या आधी ‘आहेत कुठे’

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. भाड्याच्या फ्लॅटमध्ये येऊन तुम्हाला चार महिने झाले. गेले दोन महिने सकाळी उठल्यावर हातावर आणि मानेवर गांधी दिसतात. तुमच्या पत्नीच्या अंगावर मात्र एकही नाही, म्हणून सुरुवातीला ॲलर्जी समजून तुम्ही गप्प राहिलात. मग गादीच्या शिवणीत ढेकूण दिसले. घरमालकांना सांगितलं तर ‘आधीच्या भाडेकरूंची कधी तक्रार नव्हती, तुमच्याच सामानातून आले असणार’ असं उत्तर मिळालं. तुम्ही पदरचे पैसे घालून एकदा फवारणी करून घेतली, दहा-बारा दिवस बरे गेले आणि चावे पुन्हा सुरू झाले. आता रोज झोपण्याआधी बाजारातला स्प्रे मारता. यापेक्षा जालीम औषध कोणतं, पलंग टाकून द्यावा का, खर्च कोणी करायचा आणि घरच सोडावं का, असं तुम्ही विचारलं आहे.

मी इमारतींमधल्या कीडनियंत्रणाचं काम करते आणि त्यात भाड्याची घरंच जास्त असतात. तुम्ही औषध विचारलंत, पण तुमची अडचण औषधाची नाही. ढेकूण कुठवर पसरलेत हे अजून कोणी पाहिलेलं नाही आणि पहिल्या फवारणीनंतर जी दुसरी, तिसरी फेरी व्हायला हवी होती ती झालेली नाही. या दोन्ही गोष्टी राहून गेल्या, कारण सगळा जोर ‘आणले कोणी’ या वादात गेला. भाड्याच्या घरांत ढेकूण महिनोन् महिने टिकतात ते बहुतेक वेळा याच कारणाने.

माझं उत्तर कशाकशावर अवलंबून आहे ते आधीच सांगते. खर्च कोणाचा, हे तुमच्या भागातला कायदा आणि तुमचा करार ठरवेल. त्यावर दुरून कोणी छातीठोकपणे बोलू नये. घरात तान्हं बाळ, गरोदर बाई, दम्याचा रुग्ण किंवा पाळीव प्राणी असेल तर कोणती औषधं वापरायची हे बदलतं. मत्स्यालय असेल तर ते विशेष जपावं लागतं, कारण ढेकणांसाठी वापरली जाणारी बरीच कीटकनाशकं माशांना घातक असतात. घरात सामान किती खचाखच आहे यावरही वेळ लागतो. आणि सर्वांत मोठा फरक इमारतीचा: भिंतीतून गेलेले पाइप, विजेच्या नळ्या, सामाईक माळे जितके उघडे, तितका शेजारच्या घरांचा विचार आधी करावा लागतो.

आता ‘आणले कोणी’ हा वाद मी बाजूला का ठेवायला सांगते ते बघा. तुमच्या अंगावर गांधी उठतात आणि पत्नीच्या नाही, याचा अर्थ ढेकूण तिला चावत नाहीत असा नाही. चाव्यावर त्वचा कशी वागेल हे माणसागणिक वेगळं असतं. काहींच्या अंगावर खूण उठतच नाही, काहींच्या ती काही दिवसांनी उठते. आयुष्यात पहिल्यांदा चावे बसत असतील तर कधी आठवडाभराहून जास्त वेळ जातो. म्हणजे ‘आमच्या वेळी नव्हते’ असं आधीचे भाडेकरू अगदी प्रामाणिकपणे म्हणू शकतात आणि तरीही त्या घरात ढेकूण असू शकतात. अमेरिकेत इंडियानापोलिसमधल्या २२३ घरांच्या एका बहुमजली इमारतीचा अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. पहिला ढेकूण सापडल्यापासून ४१ महिन्यांत तिथल्या ४५ टक्के घरांत ढेकूण पोहोचले होते आणि ज्यांच्या घरात ते होते त्यांतल्या जवळपास निम्म्या लोकांना त्याचा पत्ताच नव्हता. माझ्या कामातही हेच दिसतं. तक्रार करणारं घर बरेचदा सर्वांत जास्त ढेकूण असलेलं घर नसतं. ज्याच्या त्वचेने सर्वांत आधी सांगितलं ते घर असतं.

रिकाम्या घराचंही तसंच. ‘फ्लॅट दोन महिने बंद होता, असते तर मेले असते’ हा युक्तिवाद मालकांकडून नेहमी येतो. मोठा ढेकूण रक्ताशिवाय काही महिने तग धरतो, थंड जागी त्याहून जास्त. शिवाय बंद घरात शेजारून चालत येणारे असतातच. दुसऱ्या बाजूने, तुमच्या प्रवासाच्या बॅगेतून किंवा जुन्या विकत घेतलेल्या खुर्चीतून एखादी फळलेली मादी आली असेल हेही शक्य आहे. एक मादी पुरते. तिची पिल्लं मोठी होऊन आपापसांत वाढत जातात. काही कीटकांची वस्ती अशा जवळच्या नात्यातल्या मिलनाने खचते, ढेकणांची सहसा खचत नाही. थोडक्यात, दोन्ही बाजू खऱ्या असू शकतात आणि सिद्ध कोणालाच करता येत नाही.

एक अपवाद मी मानते. सामान हलवून पाहिल्यावर घराच्या स्वतःच्या भागांत, म्हणजे भिंतीला ठोकलेल्या कपाटामागे, दाराच्या चौकटीत, निघालेल्या रंगाच्या पापुद्र्याखाली भरपूर वाळक्या काती आणि ढेकणांच्या विष्ठेचे थरावर थर बसलेले काळे डाग सापडले आणि तुमच्या पलंगात मात्र थोडेच, तर तो साठा चार महिन्यांचा नाही असं मी लेखी देते. पण तेवढं स्पष्ट चित्र क्वचितच मिळतं.

तुमची फवारणी का फसली हे तुम्ही दिलेल्या दिवसांवरूनच कळतं. ढेकणाची मादी रोज एक ते पाच अंडी घालते, जन्मभरात दोनशेच्या वर. अंडी मिलिमीटरभराची, पांढरट आणि फटीत चिकटवलेली असतात. खोलीच्या साध्या तापमानाला ती सहा ते दहा दिवसांत फुटतात. बहुतेक फवारण्या अंड्यांवर फारसं काम करत नाहीत. म्हणजे त्या दिवशी समोर आलेले मोठे ढेकूण मेले, तुम्हाला शांत झोप लागली आणि त्या शांततेतच अंडी फुटली. पहिल्या अवस्थेतलं पिल्लू इतकं लहान आणि फिकट असतं की पांढऱ्या चादरीवर दिसत नाही. प्रत्येक पिल्लाला पाच वेळा कात टाकायची असते आणि प्रत्येक वेळी आधी एकदा तरी रक्त प्यावं लागतं. सगळं अनुकूल असेल तर पाच ते आठ आठवड्यांत ते स्वतः अंडी घालायला तयार होतं. त्यामुळे पहिल्या फेरीनंतर साधारण दोन आठवड्यांनी दुसरी फेरी हवीच, म्हणजे नव्याने फुटलेली पिल्लं मोठी व्हायच्या आत सापडतात. तिसरी लागेल असं धरूनच चालावं. एका फेरीत काम संपवण्याचं आश्वासन देणारा माणूस मी तरी दारात उभा करणार नाही.

‘जालीम औषध’ या कल्पनेबद्दल थोडं सविस्तर बोलायला हवं, कारण लोक इथेच जिवाशी खेळतात. ढेकूण औषधाला सरावतात हे नवं नाही. डीडीटी या कीटकनाशकाचा वापर सुरू होऊन थोडीच वर्षं झाली होती तेव्हा, १९४७ मध्येच हवाई बेटांवरच्या पर्ल हार्बरमधल्या अमेरिकी नौदलाच्या बराकींमध्ये डीडीटीला दाद न देणारे ढेकूण आढळले. आज बाजारातले बहुतेक घरगुती स्प्रे पायरेथ्रॉइड नावाच्या कीटकनाशकांच्या गटातले असतात आणि त्या गटाला न जुमानणारे ढेकूण जगभर पसरले आहेत. त्यांच्या मज्जातंतूंच्या पेशींत बदल झालेले असतात, विष पचवणारी विकरं (एन्झाइम) वाढलेली असतात, काहींचं कवचही जाड झालेलं असतं. तुम्ही रोज मारता त्या स्प्रेखाली थेट भिजलेला ढेकूण मरेल. पण बाकीचे फटीच्या आत सरकतात, आणि ते औषध मात्र तुमच्या उशीवर आणि फुप्फुसांत जातं. तो रोजचा स्प्रे आजपासून बंद करा. खोलीत ठेवून निघून जायचे धुराचे डबेही नकोत. ओहायो स्टेट विद्यापीठात २०१२ साली अशा डब्यांची चाचणी झाली, तेव्हा घराघरांतून पकडून आणलेल्या ढेकणांवर त्यांचा जवळजवळ काहीच परिणाम दिसला नाही. धूर हवेत राहतो, ढेकूण फटीत.

आणि एक गोष्ट अगदी स्पष्टपणे सांगते. धान्यात ठेवायच्या अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या ढेकणांसाठी घरात कधीही, कोणाच्याही सांगण्यावरून, ठेवायच्या नाहीत. हवेतल्या ओलाव्याने त्यांतून फॉस्फीन वायू सुटतो. तो भिंतीच्या फटींतून आणि पाइपांच्या भोकांतून शेजारच्या घरात जातो आणि त्यावर उतारा नाही. ढेकणांसाठी ठेवलेल्या या गोळ्यांनी झोपेतली माणसं गेली आहेत, शेजारच्या घरांतली मुलं गेली आहेत. ‘घर बंद करून दोन दिवस बाहेर राहा’ एवढंच सांगून औषधाचं नाव न सांगणारा कोणी भेटला तर त्याला घरात येऊ देऊ नका आणि मालकांनाही लेखी कळवा. शेतावर फवारायची औषधं घरात वापरणं, गादीवर रॉकेल किंवा स्पिरिट ओतणं, हेही तसंच. ढेकूण मारण्याच्या नादात घरांना आगी लागल्या आहेत. ढेकणांमुळे नेहमीच्या राहणीत माणसाला एखादा रोग लागतो असं आजवर दिसून आलेलं नाही. खाज, खाजवून झालेली जखम आणि झोपेचं खोबरं हा त्रास खरा आहे, पण त्यासाठी जीव धोक्यात घालायचं कारण नाही. गांधी फार सुजल्या, पिकल्या किंवा ताप आला तर डॉक्टरांना दाखवा.

मग करायचं काय? आधी पाहणी. चांगला टॉर्च आणि एक जुनं पातळ कार्ड घ्या. दिवसा, घाई नसताना बसा. मोठा ढेकूण सफरचंदाच्या बीएवढा, चपटा, तांबूस असतो. पण तुम्ही ढेकूण शोधूच नका, खुणा शोधा: शाईने टिंब द्यावं तसे काळे डाग, पारदर्शक पिवळसर काती, फटीत चिकटलेली अंडी. सुरुवात पलंगाच्या डोक्याकडच्या बाजूपासून करा. गादीच्या शिवणी आणि गुंड्या, मग पलंगाचे सांधे, स्क्रूची भोकं, फळ्यांच्या खालची बाजू. बॉक्सचा पलंग असेल तर आतलं सगळं सामान बाहेर काढल्याशिवाय पाहणी झाली असं म्हणता येत नाही. प्लायवुडच्या कच्च्या कडा ढेकणांना फार आवडतात. कार्ड फटीतून फिरवलं की आतले बाहेर येतात. सुरुवातीच्या काळात बहुतेक ढेकूण झोपण्याच्या जागेपासून दोन-अडीच मीटरांच्या आतच असतात, म्हणून बाजूचं टेबल, पडद्याच्या वरच्या चुण्या, भिंतीवरची चौकट आणि ज्या सोफ्यावर कोणी डुलकी काढतं तो सोफा एवढं नीट पाहिलं तर बरंच कळतं. सापडलेले दोन-तीन ढेकूण चिकटपट्टीवर चिकटवून कागदावर तारीख लिहून ठेवा. फोटो काढा, खुणा कुठे सापडल्या तेही लिहा. याचा उपयोग पुढे मालकांशी बोलताना होतो.

पलंग टाकू नका. लोक संतापाने पलंग जिन्यातून ओढत खाली नेतात, वाटेत ढेकूण आणि अंडी पडतात, तो पलंग दुसरं कोणी उचलून नेतं आणि नव्या पलंगात महिनाभरात तेच सुरू होतं, कारण भिंतीतले ढेकूण तिथेच असतात. लाकडाचा भुगा पडत असेल किंवा गादी आतून फाटून कापूस बाहेर आला असेल तर टाकणं योग्य, पण ते औषधाच्या पहिल्या फेरीनंतर, प्लॅस्टिकमध्ये पूर्ण गुंडाळून आणि कोणी वापरू नये म्हणून फाडून. चांगल्या गादीला चेन असलेलं, ढेकणांसाठी खास बनवलेलं पूर्ण आवरण घाला. आतले अडकतात, बाहेरच्यांना लपायला शिवणी उरत नाहीत. ते आवरण वर्षभर तरी काढायचं नाही, मध्ये भोक पडलं तर लगेच चिकटपट्टी लावायची.

पलंग भिंतीपासून वीतभर पुढे ओढा. चादर, पांघरूण, मच्छरदाणीची झालर जमिनीला टेकू देऊ नका. चारही पायांखाली ढेकणांचे कप-सापळे ठेवा. ही दोन कप्प्यांची वाटी असते, पलंगाचा पाय आतल्या कप्प्यात आणि त्याभोवती बाहेरचा कप्पा: बाहेरची बाजू खरबरीत, आतली गुळगुळीत, चढून आत पडलेला ढेकूण बाहेर येऊ शकत नाही. अख्ख्या कामात सर्वांत स्वस्त आणि सर्वांत जास्त सांगणारी वस्तू हीच. बाहेरच्या कप्प्यात ढेकूण सापडले तर ते खोलीतून पलंगाकडे येत आहेत. आतल्या कप्प्यात सापडले तर पलंगातच आहेत. कोणत्या पायाखाली जास्त येतात यावरून मी अनेकदा कोणत्या भिंतीकडे पाहायचं ते ठरवते.

हे सगळं करताना झोपण्याची जागा बदलू नका. मला माहीत आहे की हे ऐकायला नको वाटतं. तुम्ही हॉलमध्ये झोपायला गेलात की श्वासातला कर्बवायू आणि अंगाची ऊब शोधत ढेकूणही हळूहळू तिकडे जातात आणि एका खोलीचं काम दोन खोल्यांचं होतं. घर रिकामं ठेवून त्यांना उपाशी मारण्याचा बेतही तितकाच फोल. तुम्ही त्याच पलंगावर झोपलात तर ते तुमच्याकडे येताना सापळ्यावरून आणि औषध लावलेल्या सांध्यांवरून जातात. आवरण, सापळे आणि सुटा पलंग एवढं नीट झालं की चावे बरेच कमी होतात.

कपड्यांचं काम औषधाने नाही, उष्णतेने करा. ६० अंशांच्या पाण्यात धुतलं तर अंड्यांसकट सगळं मरतं. कोरडे कपडे सुकवणीच्या यंत्रात कडक तापमानावर अर्धा तास फिरवले तरी चालतं, यंत्र गच्च भरू नका एवढंच. धुवायला नेताना पिशवी घट्ट बांधा, ती पिशवी परत वापरू नका, आणि धुतलेले कपडे फेऱ्या संपेपर्यंत बंद पिशव्यांत ठेवा. पुस्तकं, चपला, खेळणी अशा न धुता येणाऱ्या वस्तू उणे १८ अंशांच्या फ्रीजरमध्ये चार दिवस ठेवता येतात. गादी उन्हात टाकण्यावर भरवसा ठेवू नका. ढेकूण सावलीच्या बाजूला सरकतात आणि गादीचा आतला भाग पुरेसा तापत नाही. ५० अंशांच्या पुढे ते आणि त्यांची अंडी टिकत नाहीत, पण ती उष्णता प्रत्येक शिवणीत पोहोचायला हवी. म्हणून वाफेचं यंत्र चांगलं: तोंड शिवणीला लावून अगदी सावकाश पुढे न्यायचं, झोत जोरात नको, नाहीतर ढेकूण उडून बाजूला पडतात. लोखंडी पलंगाच्या सांध्यांवर उकळतं पाणी टाकता येतं, घराबाहेर आणि जपून. विजेच्या बटणांजवळ पाणी किंवा वाफ अजिबात नाही.

फटींसाठी मी कोरडी पूड पसंत करते, विशेषतः सिलिका जेलची. ती विष म्हणून काम करत नाही. ढेकणाच्या कवचावरचा मेणाचा थर शोषते आणि तो सुकून मरतो. त्यामुळे औषधाला सरावलेल्यांवरही चालते आणि कोरडी राहिली तर महिनोन् महिने टिकते. फक्त ती दिसेल न दिसेल इतकी पातळ लागते. ढीग घातला तर ढेकूण वळसा घालून जातो आणि पूड आपल्या नाकात जाते. हे काम सरावलेल्या माणसाकडून, तोंडाला मुखवटा लावून, फटीत आणि पाइपांच्या भोकांत व्हावं, अंथरुणावर नाही. स्विचबोर्डच्या आत घालायची तर आधी मुख्य वीज बंद. पाइपांभोवतीची भोकं नंतर बुजवून घ्या. भाड्याच्या घरात हे काम कायम राहून जातं आणि तेच पुढच्या भाडेकरूला भोवतं.

आता शेजाऱ्यांचा भाग, आणि यावरच मला सर्वांत जास्त सांगायचं आहे. तुमच्या घराची कितीही चांगली साफसफाई झाली तरी डावीकडचं, उजवीकडचं, वरचं आणि खालचं घर पाहिलं नसेल तर मी त्याला काम म्हणत नाही. सगळीकडे फवारणी करा असं मी म्हणत नाही. फक्त पाहणी करा आणि प्रत्येक घरात पलंगाच्या पायांखाली दोन आठवडे सापळे ठेवा. जिथे सापडतील तिथेच उपचार, पण त्याच आठवड्यात. एकाने या महिन्यात, दुसऱ्याने पुढच्या महिन्यात केलं तर दोघांचेही पैसे वाया जातात.

शेजारी नाही म्हणतात, कारण त्यांना वाटतं की ढेकूण म्हणजे घाणेरडं घर. ही समजूत इतकी खोल आहे की मी पाहणीला गेले की पहिली पाच मिनिटं त्यावरच बोलते. ढेकणाला उष्टं-खरकटं लागत नाही, त्याला रक्त लागतं, आणि ते स्वच्छ घरातही तितकंच मिळतं. पसारा असला तर लपायला जागा वाढते आणि काम लांबतं, एवढाच पसाऱ्याचा संबंध. शेजाऱ्यांकडे तुम्ही स्वतः जाण्यापेक्षा मालकांकडून किंवा इमारतीच्या व्यवस्थापकाकडून ‘या मजल्याची पाहणी आहे’ अशी साधी सूचना गेली तर दारं सहज उघडतात. कोणाच्या घरात सापडले हे मजल्यावर जाहीर करायचं नाही, हे आधीच ठरवून घ्या.

मालकांशी बोलताना आरोप-प्रत्यारोप लेखी आणू नका. लिहा की अमुक तारखेला अमुक ठिकाणी ढेकूण सापडले, फोटो आणि नमुना सोबत आहे, एकदा फवारणी झाली तिची पावती ही, आणि आता आजूबाजूच्या चार घरांची पाहणी व दोन आठवड्यांच्या अंतराने किमान दोन, लागली तर तिसरी फेरी करायची आहे. खर्चाबद्दल एक वेगळा परिच्छेद लिहा: करारातलं अमुक कलम आणि स्थानिक नियम पाहून वाटणी ठरवू, पण पहिली फेरी त्यासाठी थांबवू नये. वाद पुढे गेलाच तर तारखा असलेलं हे पत्र तुमच्या कामी येईल. भाडं परस्पर अडवून ठेवायचा सल्ला कोणी दिला तर आधी जाणकार वकिलाला विचारा. काही ठिकाणी त्यानेच भाडेकरू अडचणीत येतो.

तुमचे मालक हे वाचत असतील तर त्यांच्यासाठी दोन शब्द. ज्या इमारतींत पहिल्या तक्रारीवर भाडेकरूकडून पैसे मागितले जातात, तिथे दुसरी तक्रार येतच नाही. लोक गप्प राहतात, स्प्रे मारतात आणि वर्षभराने मजलाच्या मजला हाती येतो. ज्या मालकांनी ‘कळवा, पाहणी आमची’ असं सांगून ठेवलं आहे, त्यांच्याकडे मला एका घराचं काम करावं लागतं. दोन भाडेकरूंच्या मधला रिकामा काळ सर्वांत मोलाचा: भोकं बुजवणं, पूड घालणं, चौकटी नीट करणं हे सामान नसताना होतं. न्यू यॉर्क शहरात तर नव्या भाडेकरूला घराचा आणि इमारतीचा गेल्या वर्षाचा ढेकणांचा इतिहास लेखी सांगणं २०१० पासून बंधनकारक आहे. तसा नियम नसला तरी भाडेकरूने करार करण्याआधी हा प्रश्न विचारावा आणि मालकाने खरं सांगावं असं मला मनापासून वाटतं.

कीडनियंत्रणवाल्याला बोलावताना दराआधी हे विचारा: औषधाआधी पाहणी करणार का, कोणती औषधं वापरणार आणि ती राहत्या घरात वापरायला परवानगी असलेली आहेत का, पलंग उघडून सांध्यांवर काम करणार की नुसता खोलीभर फवारा, पुढची फेरी कधी, आणि सापळे तपासायला कोण येणार. ‘सगळं घर रिकामं करून ठेवा’ असं सरसकट सांगणाऱ्याला कारण विचारा. पाहणीआधीच सामान इकडून तिकडे हलवलं तर ढेकूण स्वच्छ खोल्यांत जातात.

संपलं असं कधी म्हणायचं? चावे थांबले यावरून नाही. तुमच्या पत्नीची त्वचा काय सांगते ते आपण पाहिलंच. शेवटच्या फेरीनंतर सलग दोन महिने सापळे रिकामे, नवे काळे डाग नाहीत, नव्या काती नाहीत, आणि शेजारच्या घरांचे सापळेही रिकामे, तेव्हा. जुने डाग एकदा पुसून घ्या म्हणजे नवे ओळखू येतील.

राहिलं घर सोडणं. मालक पाहणीला तयार झाले तर सोडू नका. अशी परिस्थिती नीट केलेल्या दोन-तीन फेऱ्यांत आटोक्यात येते. ते तयारच होत नसतील, शेजारचं घर भरलेलं असेल आणि तिकडून रोज येत असतील, तर जाणं हाच शहाणपणा. पण मग निघण्याआधी कपडे उष्णतेतून काढून बंद पिशव्यांत भरा, पलंग आणि सोफा उघडून वाफ द्या, पुठ्ठ्याची जुनी खोकी वापरू नका, सामान वाहणाऱ्यांना आधीच सांगा म्हणजे त्यांच्या गाडीतल्या चादरींतून ते पुढच्या गिऱ्हाइकाकडे जाणार नाहीत. नव्या घरात पहिल्याच रात्री पलंगाच्या पायांखाली सापळे ठेवा आणि दोन महिने ते दर आठवड्याला पाहत राहा.